पहिल्या पंगतीतलं ताट

काकू,

तुमच्या तेरवीला मी भरल्या ताटावरून उठले. तुमच्याच घरात, तुमच्या हार घातलेल्या फोटोसमोर, पहिल्या पंगतीत. तुम्ही असता तर तुमच्या नणंदेनं, वरुडच्या आत्यांनी, हे तुम्हाला सगळ्यांच्या आधी सांगितलं असतं, आणि त्यांच्या सांगण्यात मी ताट लाथाडलंही असतं. तसं झालं नाही. ताट मी दोन्ही हातांत धरून उठले, एक शीत सांडू दिलं नाही. पण उठले, हे खरं आहे.

तुमची लेक स्नेहलताई तेव्हापासून माझ्याशी बोललेली नाही. आमच्या आबाजींनी, माझ्या आजोबांनी, घरात विषय काढलेला नाही. ते नुसते माझ्याकडे बघतात आणि चष्मा पुसत बसतात. कॉलेजच्या वार्षिक अंकासाठी सरांनी आपल्या एखाद्या गेलेल्या माणसावर लिहायला सांगितलं, तेव्हा मला पहिल्यांदा तुम्हीच आठवल्या. मग वाटलं, तुम्हाला आपलं माणूस म्हणायचा मला काय हक्क? आणि ज्यांना हक्क आहे त्यांनी हे वाचलं तर काय म्हणतील? दोनदा लिहायला बसले आणि उठले. आज लिहून टाकते. त्या दिवशी मी तुमच्याबद्दल दोन शब्द बोलणार होते, ते राहिलेच आहेत.

तुम्हाला माहीतच आहे, पण वाचणाऱ्यांसाठी सांगते. माझी आई तुमच्याकडे कामाला आहे, मी चालायला लागले त्याच्याही आधीपासून. सकाळी अंगण, गोठा, भांडी, कपडे. बहार आला की संत्र्याच्या बगीच्यात, कापूस फुटला की वेचायला. बाबा बोरगावच्या कारखान्यात ठेकेदाराच्या हाताखाली आहेत, शिफ्ट कोणती लागेल ते त्यांनाही आदल्या दिवशी कळतं. म्हणून लहानपणी मी आईच्या मागे मागे तुमच्या घरी यायचे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. पण माझी खरी शाळा तुमच्या स्वयंपाकघराच्या पायरीवर झाली.

ती पायरी मागच्या अंगणातून वर चढताना लागायची. आत येऊ नको असं मला कोणी कधी म्हटलं नाही. मीच पायरीवर बसायचे, आणि तुम्हीही कधी ‘आत ये’ म्हटलं नाही. तुम्ही आत पोळ्या लाटायच्या आणि मी दिवाळी अंकातली गोष्ट मोठ्यानं वाचायचे. तुमचं माहेर मोर्शीकडचं, तुमची शाळा मराठीत झालेली. दर वर्षी माहेराहून तुमच्यासाठी दिवाळी अंक यायचे आणि घरात ते वाचणारं दुसरं कोणी नव्हतं. स्नेहलताई नागपूरला होस्टेलात, इंग्रजी शाळेत. आमचं गाव राज्याच्या सीमेपलीकडचं, म्हणून आमच्या इकडची शाळा हिंदीत. मराठी मला बोलता यायचं, वाचताना मात्र मी प्रत्येक ओळीत दोनदा अडखळायचे. तुम्ही लाटणं थांबवून मला दुरुस्त करायच्या.

“मले नाही म्हणू. मला म्हण.”

“तुम्ही तं मलेच म्हणता.”

“मी म्हणीन. मले कुठं जायचं आहे? तू जाशील पुढं. तिथं हसतीन तुले.”

आज मी हे ‘मला’, ‘तुम्हाला’ करत लिहिते आहे ते तुमच्यामुळे. पण घरी बोलताना चुकून माझ्या तोंडून ‘मला’ निघालं की आई एकदम गप्प होते, दारात कोणी पाहुणी आल्यासारखी. हे तुम्हाला सांगायचं राहिलं.

त्याच पायरीवर आईनं घासलेली भांडी येऊन पालथी पडायची. ती आत नेण्याआधी तुम्ही वरून तांब्याभर पाणी ओतायच्या. मी वाचता वाचता थांबायचे, पाण्याचा आवाज संपला की पुढची ओळ धरायचे. कितीतरी वर्षं मला वाटायचं, साबण राहिला असेल. मोठी झाले तेव्हा कळलं की ते साबणासाठी नव्हतं. कळल्यावरही मी तुम्हाला विचारलं नाही. तशीच पाण्याचा आवाज संपायची वाट बघत राहिले आणि पुढं वाचत राहिले. गोष्ट चांगली असायची, काकू. मला पुढं काय झालं ते हवं असायचं.

तुमच्या बगीच्याचा एक नियम होता, तुमच्या सासऱ्यांनी घालून दिलेला. तोडाईला आलेल्या बायांनी झाडाखाली बसून पाहिजे तितकी संत्री खावी, कोणी बघणार नाही. पण धुऱ्याबाहेर, बांधापलीकडे, एकही न्यायचं नाही. म्हणून तोडाईच्या दिवसांत बाया लेकरांना सोबत आणायच्या. आम्ही पोरं पोट दुखेपर्यंत खायचो, कारण जे खायचं ते इथंच. गावाच्या चारी बाजूंना संत्री, ट्रक भरभरून बाहेर जायची, आणि आमच्या वस्तीत संत्र्याचं सालही दिसायचं नाही.

एकदा आबाजी तापानं पडले होते. तुम्ही मला धुऱ्याशी बोलावलं आणि माझ्या फ्रॉकच्या घोळात चांगली मोठी संत्री टाकली. “जाय, आजोबाले दे. कोणाले दाखवू नको.” मी धावत निघाले. आईनं वाटेतच धरलं.

“कोणी देल्ली?”

“काकूनं.”

“सगळ्याइले देल्ली का?”

“नाही. मलेच.”

“मंग परत नेऊन दे.”

“आबाजीले ताप आहे न!”

“ताप उतरते. उद्या बाकीच्या बाया माझ्या तोंडाकडं पाहतीन, ते कसं उतरन?”

मी रडत परत आले. तुम्ही संत्री घेतली, हसलात आणि म्हणालात, “तुझी माय लय मानाची आहे.” त्यात कौतुक होतं की राग होता, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. तुम्ही त्यानंतर मला काही लपवून दिलं नाही. उघड दिलं. दर दिवाळीला स्नेहलताईचे जुने कपडे, धुऊन, पिशवीत घालून. त्यांना इस्त्री तुम्ही स्वतः करायच्या. ज्या घरात तुमच्या स्वतःच्या साडीला कधी इस्त्री झाली नाही, तिथं तुम्ही उन्हाच्या वेळी पंख्याखाली बसून माझ्यासाठी बाह्यांच्या घड्या बसवायच्या. हे मी पाहिलेलं आहे, म्हणून मला तुमच्यावर नीट रागावता येत नाही. आणि ते कपडे घालून शाळेत गेले की मुली विचारायच्या, कुठून घेतला? तेव्हा मला काय वाटायचं तेही मी विसरू शकत नाही.

कॉलेजच्या पहिल्या वर्षी समाजशास्त्राच्या तासाला विषमता शिकवली. फळ्यावर त्रिकोण होता, वर थोडी माणसं, खाली पुष्कळ. मी घरी येऊन तो त्रिकोण पुन्हा काढला आणि तुम्हाला अगदी वर बसवलं. मग आठवलं, पांढुर्ण्याचा संत्र्याचा व्यापारी आला की काका कसे त्याच्या गाडीजवळ उभे राहायचे, तो काच खाली करेपर्यंत. तुम्हाला थोडं खाली आणलं. मग पायरी आठवली, पुन्हा वर नेलं. खोडून खोडून कागद फाटला. पुस्तकातला त्रिकोण इतका स्वच्छ कसा राहतो, मला कळत नाही.

गेल्या दिवाळीत आपलं भांडण झालं. तसं ते भांडण म्हणता येणार नाही, तुमचा हात एकीकडे चिवडा परततच होता. तोवर मी पायरी सोडून आत, ओट्याजवळ उभी राहायला लागले होते. कॉलेजात गेल्यापासून तुम्हीच ‘आत ये वो’ म्हणायला लागल्या होत्या.

मी म्हटलं, “काकू, आईले हप्त्यातून एक दिवस सुट्टी कावून नाही?”

“मी कधी नाही म्हटलं? तिनं मागितली का?”

“मागावीच लागते का?”

“कॉलेजात हेच शिकवून राहिले का तुमाले?”

“हाव.”

तुम्ही हसलात. मग झारा खाली ठेवला, आणि तुमचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता तसा झाला. “मले कोण देते सुट्टी? सांग न. या घरात सर्वात आधी कोण उठते? जमिनीच्या एका तरी कागदावर माझं नाव आहे का? मी बी या घरात कामालेच आली होती वो. फक्त वाजतगाजत आली.”

तुम्ही मला चिवड्याचा डबा भरून दिला आणि मी तो घेऊन घरी आले. उत्तर मला खूप दिवसांनी सौंसरच्या बसमध्ये, उभ्यानं जाताना सुचलं. तुमचं म्हणणं खरं होतं. तुम्ही थकायच्या. पण थकून तुम्ही ज्या खाटेवर टेकायच्या, त्या खाटेसमोर आई उभी असायची, तुम्ही अजून काही सांगाल म्हणून. हे मी पुढच्या वेळी तुम्हाला सांगणार होते, आणि तुम्ही त्यावर काहीतरी असं बोलणार होत्या की मला पुन्हा उत्तर सुचलं नसतं. पण तोवर तुम्हाला नागपूरच्या दवाखान्यात नेलं होतं. तिथून परत आणलं तेव्हा तुम्ही अंथरुणाला लागल्या होत्या. मी भेटायला आले. तुम्ही माझं मनगट धरलं आणि विचारलं, “पेपर कधी आहेत?” अशा वेळी मी तुम्हाला खाटेचं काय सांगणार होते?

त्या महिन्यांत आई दिवसभर तुमच्या खोलीतच असायची. अंधार पडल्यावर घरी यायची. मी अभ्यास करत असायचे. ती तिथं काय करते हे मी एकदाही विचारलं नाही. काम करत असेल, अजून काय.

तुम्ही गेल्यावर थोड्या दिवसांनी स्नेहलताईचा फोन आला. तिचा आवाज बसलेला होता. “प्रणू, तेरवीला तू आईवर दोन शब्द बोलशील? तिला तुझं वाचणं फार आवडायचं. आणि पहिल्या पंगतीत माझ्या बाजूला बस. आई तुला मुलगीच मानायची.” मी हो म्हटलं. मला रडू आलं, आणि आनंदही झाला. हे लिहायला नको असं वाटतं, पण झाला.

त्याच संध्याकाळी तुमच्याकडचा गडी आमच्या दारात येऊन आईला सांगून गेला, तेरवीला पहाटेच या, स्वयंपाकाचे मोठाले गंज धुवायचे आहेत, सोबत वस्तीतल्या शेवंताबाईलाही घ्या. एकाच घरातून आमच्या एका खोलीत हे दोन निरोप आले.

आबाजी खाटेवर होते. त्यांनी दोन्ही ऐकले. आमच्या घरी तेरवीचं खात नाहीत, हे तुम्हाला माहीत होतं. आबाजींच्या वडिलांच्या काळी गावात जेवण झालं की आमच्या लोकांनी बाहेर उभं राहायचं आणि उरलेलं मागून न्यायचं, अशी रीत होती. धम्म घेतला तेव्हा त्यांनी ते सोडलं आणि घरात सांगून ठेवलं की तेरवीच्या दारी आपण हात पसरायचा नाही. आईनं तुमच्या सासूबाईंच्या तेरवीचे गंज धुतले होते आणि घरी येऊन चटणी-भाकर खाल्ली होती.

मी म्हटलं, “आबाजी, मले मागायले नाही बोलावलं. बसायले बोलावलं. पहिल्या पंगतीत.”

“तुले बोलावलं. अन् तुया मायले?”

“तिले कामाले.”

आबाजी चष्मा पुसत म्हणाले, “मंग तूच पाह्य. तू शिकलेली आहेस.” ते टोमणा मारत नव्हते. त्यांना खरंच वाटत होतं की मला कळेल.

आई चुलीपाशी होती. ती म्हणाली, “जाय. चांगलं बोलजो. बाईचं नाव निघन. मी मागं असीन, इकडं तिकडं पाहू नको.”

म्हणजे मला काय करायचं होतं, काकू, ते अगदी सोपं होतं. एक तर जायचं आणि जेवायचं, किंवा जायचंच नाही. मी दोन्हीपैकी एकही केलं नाही.

पाहुण्यांना दुपारच्या गाड्या होत्या म्हणून आधी पंगत आणि मग श्रद्धांजली असं ठरलं होतं. पहिल्या पंगतीला स्टीलची ताटं, पुढच्यांना पत्रावळ्या. स्नेहलताईनं माझा हात धरून मला बाजूला बसवलं. माझ्या दुसऱ्या बाजूला वरुडच्या आत्या. त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं.

“ही कोणाची वो?”

“प्रणाली. आमच्या घरचीच आहे, आत्या.”

“हा ड्रेस तं तुया होय न स्नेहल? मीच घेऊन देल्ला होता तुले राखीले.” मग माझ्याकडे वळून, अगदी मायेनं, “छान बसला वो तुले. ठेवणीतला दिसते.”

तो एकच बरा पांढरा ड्रेस माझ्याकडे होता. मी मान खाली घातली. वाढणं सुरू झालं. वरण-भात, आलू-वांग्याची भाजी, वडे, बुंदी. वाढणाऱ्याच्या हातून वरण सांडलं, माझ्या आणि आत्यांच्या ताटांच्या मध्ये. आत्यांनी मागच्या दाराकडे हाक मारली, “ए बाई! फडकं घेऊन ये इकडं.”

आई आली. पदर खोचलेला, हात कोपरापर्यंत ओले. आत्यांना ठाऊक नव्हतं की ती माझी आई आहे. स्नेहलताईला ठाऊक होतं, पण ती तुमच्या फोटोकडे बघत होती. आई वाकली आणि कोणाकडेही न बघता, सगळ्या ओळीला म्हणतात तसं म्हणाली, “जरा सरका जी.”

आत्या सरकल्या. स्नेहलताई सरकली. आणि काकू, मीही सरकले. विचार न करता, तिच्या फडक्याला जागा द्यायला. ती पुसून गेली. कोणी तरी मोठ्यानं म्हणालं, “होऊ द्या.” सगळ्यांनी पहिला घास घेतला. माझा हात भातावर गेला आणि तिथंच राहिला. मग मी ताट उचललं आणि उठले.

मला वाटलं होतं, कोणाचं लक्ष जाणार नाही. पण भरलं ताट घेऊन पंगतीतून उठणारी मुलगी कोणाला दिसणार नाही? “प्रणू, काय झालं?” स्नेहलताई म्हणाली. मी चालत राहिले. मागून आत्यांचा आवाज आला, “भरल्या ताटावरून उठली वो पोट्टी! आता वहिनी उपाशी उठली.” आणि स्नेहलताईचं रडणं ऐकू आलं. तुमच्या जाण्याचं रडणं नव्हतं ते, नवीन होतं. ते मी आणलं होतं.

मी मागच्या अंगणात गेले. नळापाशी गंजांचा ढीग होता. आई आणि शेवंताबाई बसल्या होत्या. आईनं ताट पाहिलं, मग माझा चेहरा पाहिला.

“उठली कायले?”

“तू इथं, अन् मी तिथं…”

“मंग? आज पह्यलांदा पाहून राहिली का तू मले इथं?” ती उठून उभी राहिली. तिचा आवाज दबलेला होता पण मी तिला इतकं चिडलेलं कधी पाहिलं नव्हतं. “नाक कापलं माझं. आता सारे मागं येऊन पाहतीन, कोणाची माय आहे म्हणून. मी सांगितलं होतं न, इकडं तिकडं पाहू नको!”

ती म्हणत होती ते खरं होतं. स्वयंपाकघराच्या दारात, त्या पायरीच्या वर, दोन-तीन बायका येऊन उभ्याच होत्या. आजवर त्या घरात आई नुसती काम करायची. आता तिच्याकडे बघितलं जात होतं. मी तिच्याजवळ येऊन बसायला उठले होते असं मला वाटत होतं, पण तिला तर मी आख्ख्या पंगतीसमोर उभं केलं होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हातातलं ताट जड झालं होतं आणि ते कुठं ठेवावं कळत नव्हतं.

शेवंताबाईनं परिस्थिती पाहून घेतली. “आता या ताटाचं काय करता? परत नेता येत नाही, टाकता येत नाही.”

“गाईले घालू का?” मी म्हटलं.

“गाईले बुंदी? शिकून शिकून हेच शिकली का वो तू?”

आईला हसू आलं. तिनं ते आवरलं, पण आलं होतं. तिनं एक उलटा गंज पुढं सरकवला आणि त्यावर ताट ठेवायला लावलं. “बस. उभ्यानं नको.” मी ओल्या फरशीवर बसले. ती पुन्हा घासायला लागली. दारातल्या बायका हळूहळू आत गेल्या. मी ताटाकडे बघत बसले होते. हात लावला तर आबाजी, नाही लावला तर तुम्ही.

आई माझ्याकडे पाठ करून घासत होती. तशीच बोलायला लागली. मला वाटतं, पाठ होती म्हणूनच बोलली.

“शेवटी शेवटी तोंडाले चव नव्हती बाईच्या. स्नेहल चमचा घेऊन बसे, तं तोंड फिरवून घेत. मले म्हणत, तू चार. मी म्हणो, मी कशी चारू बाई? तं म्हणत, दार लोट अन् चार. मऊ भात कालवून बोटानं चारो मी. चमचा नको म्हणत, दाताले लागते.”

“रोज?”

“रोज. वाटीभर. कधी दोन घास जास्त मागत.”

त्या महिन्यांत मी बाजूच्या वस्तीत, दिव्याखाली, विषमतेच्या व्याख्या पाठ करत होते. तुमच्या तेरवीला तुमच्यावर बोलायला मला बोलावलं गेलं आणि मी हो म्हटलं. माझ्या मनातसुद्धा आलं नाही की आमच्या घरात तुमच्यावर बोलू शकेल असं माणूस दुसरं आहे.

“हे तू सांगायचं होतं न तिथं,” मी म्हटलं. “सगळ्याइसमोर. तू कावून नाही बोलली?”

“मले कोण म्हटलं?”

हातातला गंज पालथा घालून तीच पुढं म्हणाली, “अन् सांगितलं असतं तं त्याइले लाज वाटली असती.”

“अन् बाईले? बाईले नाही वाटली?”

आईनं घासणं थांबवलं. वळली. तिचे डोळे लाल झाले होते आणि ते चुलीच्या धुरानं नव्हते, कारण त्या दिवशी सगळा स्वयंपाक गॅसवर होता. तुमच्या साऱ्या घरात त्या दिवशी किती जण रडले, पण तिला रडायला कोणी जागा दिली नव्हती, मी तर नाहीच.

“बाईले भूक लागली होती,” ती म्हणाली. “तुलेही लागली असन. खाय आता. थंड झालं ते.”

मी घास घेतला, काकू. मग दुसरा. वरणात मीठ कमी होतं, तुम्ही असता तर तसं झालं नसतं. आई हात पदराला पुसून माझ्यासमोर बसली आणि मी खाताना बघत राहिली. आतून कोणीतरी तिला हाक मारली, दुसऱ्या पंगतीसाठी गंज हवे होते. ती उठली नाही. पुन्हा हाक आली, या वेळी जोरात. आई शेवंताबाईला म्हणाली,

“थांबा म्हणा जरा. पोरगी जेवून राहिली.”